एका नाकाचे चारशे बारा मतदार

त्यांचं खरं नाव बहुधा फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, आणि ती त्यांना ‘अहो’ म्हणायची. बाकी सगळा वॉर्ड त्यांना ‘हलूनका’ म्हणायचा. पस्तीस वर्षं एकाच खोलीत, एकाच स्टुलावरच्या माणसाला दिवसातून पन्नास वेळा ‘हलू नका’ असं बजावल्यावर दुसरं काय होणार? शाळेतली पोरं तर तोंडावरच ‘हलूनका काका’ अशी हाक मारायची आणि काका न चिडता ‘ओ’ द्यायचे.

चपला दुरुस्तीचं दुकान आणि वर जाणारा जिना यांच्या मधल्या लांबट खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे निळा पडदा, स्टूल, दोन दिवे, एक आरसा, आणि खुंटीवर एक काळा कोट. कोट सगळ्यांसाठी एकच. जाडा माणूस आला की हलूनका कोटाची पाठीमागची शिवण उसवायचे, किडकिडीत आला की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून बघणाऱ्याला दोघेही बँक मॅनेजर वाटले पाहिजेत.

ओळखपत्राचे फोटो, एवढंच काम. पण खरं काम फोटो काढल्यावर सुरू व्हायचं. आधी ब्रश-पेन्सिलीने आणि पुढे कॉम्प्युटरवर ते माणूस दुरुस्त करायचे. मस काढायचे, देवीचे व्रण बुजवायचे, सुपासारखे कान डोक्याला चिकटवायचे, टक्कल असेल तर बेताने केस पेरायचे. नाक सरळ करणं ही तर त्यांची खासियत. कुणी त्यांना हे करायला सांगायचं नाही आणि कुणी तक्रारही करायचं नाही. “माणूस रोज कसाही दिसतो,” ते म्हणायचे. “फोटो त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा पाहिजे. असा दिवस त्याच्या आयुष्यात आला नसेल तर आपण आणायचा.”

दहा वर्षांपूर्वी नगरसभेने मतदार ओळखपत्रं करायला घेतली तेव्हा या वॉर्डाच्या फोटोंचं काम हलूनकांकडे आलं. सांगितलं होतं, नुसते फोटो काढा आणि पाठवा. पण उघड्या डोळ्यांनी असे फोटो पाठवायला त्यांचं मन धजेना. चार महिने मान मोडून बसले आणि त्यांनी अख्खा वॉर्ड देखणा करून सरकारजमा केला.

त्यानंतर दहा वर्षं काही झालं नाही. ओळखपत्राकडे बघतो कोण? मतदान केंद्रावरचा कारकून कार्डावरून नजर फिरवायचा, “पुढे चला” म्हणायचा.

आणि मग यंदा जाहीर झालं की मतदान मोबाइलवर. केंद्र नाही, रांग नाही, शाई नाही. घरबसल्या चेहरा दाखवायचा, गुप्त शब्द बोलायचे आणि बटण दाबायचं. समजावून सांगायला नगरसभेने एक तंत्रज्ञ बाई पाठवल्या. अंगाने एवढ्याशा, आणि खांद्याला स्वतःपेक्षा मोठी बॅग. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. हलूनका दुसऱ्या रांगेत बसले होते, शेजारी समोरचा सलूनवाला.

“याला ब्लॉकचेन म्हणतात,” बाई म्हणाल्या. “सोपं आहे. समजा मतांची एक वही आहे. ती एकाच कपाटात ठेवली तर कुणीतरी पान फाडेल. म्हणून तीच वही आपण हजार ठिकाणी ठेवली आहे. एका वहीत कुणी खाडाखोड केली, की बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव वह्या बोंब मारतात. एकदा लिहिलेलं कुणालाही पुसता येत नाही. आणि मत देणाऱ्याचं नाव एका पेटीत, मत दुसऱ्या पेटीत. कुणी कुणाला दिलं ते मलाही कळणार नाही.”

हलूनकांनी हात वर केला. “कुणालाच पुसता येत नाही?”

“कुणालाच नाही.”

“आणि चूक झाली असेल तर?”

बाई अभिमानाने म्हणाल्या, “चूकसुद्धा संपूर्ण सुरक्षित राहते.”

ज्याची हयात पुसण्यात गेली त्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं. “हे काही खरं नाही,” ते सलूनवाल्याच्या कानात पुटपुटले. सलूनवाल्याला मात्र ती हजार वह्यांची कल्पना फार आवडली. त्याने त्याच दिवशी आपल्या उधारीच्या... पण ते असो, तो सलूनवाल्याचा विषय झाला.

मतदान तीन दिवस होतं, रोज आठ ते पाच. पहिल्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी इस्त्रीवाला स्टुडिओत शिरला. हातातला फोन त्याने काउंटरवर आपटायचाच बाकी ठेवला.

“काका, हे वाचा.”

हलूनकांनी चष्मा लावून वाचलं. ‘क्षमस्व. आपण आपण नाही.’

“म्हणजे काय?”

“ते तुम्ही सांगा! फोटो तुमचा आहे.”

इस्त्रीवाल्याच्या मागोमाग गॅस एजन्सीतली कारकून बाई आली. तिचा फोन म्हणत होता, ‘कृपया दुसऱ्याच्या वतीने मतदान करू नका.’ मग निवृत्त बसचालक आले. त्यांना टक्कल पडून वीस वर्षं झाली होती, पण हजार वह्यांमध्ये त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. फोनने त्यांना तीनदा नाकारून वर सल्ला दिला होता, ‘खरा मतदार जवळपास असल्यास त्यास बोलवा.’

दहा वाजेपर्यंत जिन्यापासून चौकापर्यंत माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येकाच्या फोनने त्याला तो नसल्याचं कळवलेलं. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, तसली गत.

“तुम्ही माझी मस काढलीत!”

“तेव्हा तुम्हाला आवडलं होतं.”

“माझा डोळा तिरळा आहे हो, जन्माचा आहे! यंत्र म्हणतंय डोळे सरळ करा!”

हलूनका आधी बिचकले, पण धंद्याकडे बोट दाखवल्यावर त्यांचाही पारा चढला. काउंटरमागे ताठ उभे राहून म्हणाले, “हे बघा, फोटोत काही चूक नाही. चूक तुमच्यात आहे. दहा वर्षं तुम्ही जरा फोटोसारखं राहायला काय झालं होतं?”

दुपारी तंत्रज्ञ बाई धावतपळत आल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला, वीस-पंचवीस फोटो बघितले, मग रांगेतले वीस-पंचवीस चेहरे बघितले, आणि कपाळाला हात लावून स्टुलावरच बसल्या.

“फोटो बदलून टाका ना, बाई,” सलूनवाला म्हणाला.

“नाही बदलता येत. फोटोसुद्धा त्याच वहीत आहेत. पुसता येत नाहीत.” त्या हे आता शाळेच्या हॉलसारखं अभिमानाने म्हणाल्या नाहीत.

हलूनका आरशाशेजारी उभे होते. खुंटीवरच्या कोटाकडे त्यांची नजर गेली, मग पावडरच्या डब्याकडे, मग दिव्यांकडे.

“फोटो बदलता येत नसेल,” ते म्हणाले, “तर माणूस बदलू.”

बाईंनी मान वर केली. नियमांचं पुस्तक त्यांनी बॅगेतून काढलं आणि उभं-आडवं चाळलं. मतदाराने मत देण्याआधी तोंडाला पावडर लावू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टुडिओत जे काही सुरू झालं ते त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. हलूनका कॉम्प्युटरवर एकेकाचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो उघडायचे, समोरच्या माणसाकडे बघायचे, आणि कामाला लागायचे. पस्तीस वर्षं माणसावरून फोटो सुधारला, आता फोटोवरून माणूस सुधारायचा. मसेवर मलम आणि पावडर. कानांना मागून चिकटपट्टी. नाकासाठी डावीकडचा दिवा खाली आणि उजवीकडचा वर, म्हणजे सावली अशी पडायची की कसलंही बसकं, वाकडं, फेंदारलेलं नाक तेवढ्यापुरतं सरळ व्हायचं. निवृत्त बसचालकांसाठी सलूनवाल्याने दुकानातले केस झाडून आणले आणि डिंकाने एकेक झुपका डोक्यावर बसवला.

“हे कुणाचे केस आहेत?” बसचालकांनी विचारलं.

“सगळ्यांचे आहेत,” सलूनवाला म्हणाला. “लोकशाही आहे.”

तिरळ्या डोळ्याच्या माणसाला नेमकं कुठे बघितलं की दोन्ही डोळे सरळ दिसतात, हे शोधायला पंधरा मिनिटं गेली. चपला दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीकडे, आणि तेही एका पायावर उभं राहून बघितलं, की फोन म्हणायचा, ‘स्वागत आहे. आपली ओळख पटली.’ हे ऐकलं की रांगेत टाळ्या पडायच्या.

कोट घालूनच सगळ्यांचे फोटो काढलेले, त्यामुळे कोट तर सक्तीचाच. शिवण उसव, शिवण घाल, चिमटे लाव, चिमटे काढ. दुपारपर्यंत कोटाचा पार चोथा झाला, पण समोरून तो कोट दिसत होता तेवढं पुरे होतं.

चेहरा जुळल्यावर बारा गुप्त शब्द बोलायचे होते. यंत्राने प्रत्येकाला वेगळे दिले होते, मनातही कुणाला सांगू नका अशा ताकिदीसह. इस्त्रीवाला काळजीने शब्द पाठ करत रांगेत उभा होता. “कात्री, डोंगर, पेरू, घंटा, मावशी, दरवाजा...” आणि अडला. मागून गॅस एजन्सीतली बाई म्हणाली, “बदक.”

“अहो, गुप्त आहे ते!”

“कालपासून ऐकतेय. बदक आणि मग शिडी.”

मग मुद्दा निघाला गुप्ततेचा. खोलीत सहा माणसं असताना बटण कसं दाबायचं? बाई म्हणाल्या, हे मात्र पुस्तकात लिहिलेलं आहे, मत देताना कुणी बघता कामा नये. हलूनकांनी माळ्यावरून जुन्या पेटी-कॅमेऱ्याचं काळं कापड काढलं आणि झटकलं. ओळख पटली की माणूस फोनसकट कापडाखाली. आत खुडबूड व्हायची, एखादी शिंक यायची, आणि माणूस मत देऊन घामाघूम बाहेर पडायचा. घरबसल्या मतदान व्हावं म्हणून केलेली सगळी यंत्रणा अशी एका खोलीत, एका स्टुलावर, एका कापडाखाली येऊन बसली. आणि बाहेर रांग. कुणीतरी खुर्च्या आणल्या, कुणीतरी पाण्याचा पिंप ठेवला, कुणाच्या तरी आजोबांनी सवयीने बोट पुढे करून शाई मागितली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हलूनकांची बायको डबा घेऊन आली. गर्दीतून वाट काढत ती आत आली आणि डबा काउंटरवर ठेवून निघाली.

“अगं, थांब ना. तुझंही उरकून टाकू,” हलूनका म्हणाले. “हो पुढे. माझ्या बायकोला कुणाची हरकत नाही ना?”

कुणाची नव्हती. ती कोट चढवून स्टुलावर बसली. तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखाली, अंगठ्याएवढा भाजल्याचा डाग होता. लहानपणी चुलीजवळ पडली होती. हलूनकांनी फोटो उघडला. फोटोत डाग नव्हता. फोटोत तिचा गाल कोऱ्या कागदासारखा होता. त्यांनी पावडरचा स्पंज उचलला आणि तिच्या गालाकडे नेला.

तिने त्यांचं मनगट धरलं.

“हे नको.”

“अगं, दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको म्हटलं ना.”

“मग यंत्र घेणार नाही.”

“नाही घेतलं तर नाही घेतलं. तुम्ही तरी कुठे घेतलंत?”

हलूनकांना काही कळेना. “काय घेतलं नाही मी?”

ती हळू आवाजात बोलत होती, पण त्या खोलीत हळू आवाजालाही जायला जागा नव्हती. “लग्नाचा फोटो तुम्ही मला आणून दाखवलात, तेव्हा मी विचारलं होतं, ही कोण? तुम्हाला वाटलं मी लाजले.”

“तू छान आहे म्हणालीस.”

“छान होतीच ती. म्हणून कपाटात ठेवली.” ती उठली. कोट काढून तिने त्यांच्या हातात दिला. “डबा गार व्हायच्या आत खा,” म्हणाली, आणि गेली.

रांगेतली माणसं एकदम छताकडे, जमिनीकडे, फोनकडे बघायला लागली. सलूनवाल्याने खाकरून “पुढचे या” असं म्हटलं. हलूनकांनी पुढच्याचं काम केलं, त्याच्या पुढच्याचंही केलं. पण त्या दिवशी दुपारनंतर त्यांच्या तोंडून ‘हलू नका’ एकदाही निघालं नाही, आणि बरेच जण हलले.

पाच वाजता मतदान संपलं. तंत्रज्ञ बाईंनी मोजून सांगितलं, या खोलीतून चारशे बारा मतं झाली. बाई इतक्या थकल्या होत्या की निळ्या पडद्याला टेकून त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली.

निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. तो लागला नाही. त्याऐवजी हलूनकांना नोटीस आली. मोठ्या कचेरीतल्या कॉम्प्युटरने रिवाजाप्रमाणे सगळे चेहरे एकमेकांशी ताडून पाहिले होते, आणि त्याचं स्पष्ट मत पडलं होतं की चारशे बारा मतं एकाच माणसाने दिली आहेत. तोच कोट, तोच उजेड, तीच पावडर, तेच नाक. आणि तो माणूस कोण हेही त्याने शोधून काढलं होतं.

सुनावणीला कचेरीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, जाड चष्मा लावलेले. शेजारी तंत्रज्ञ बाई आणि टिपण घेणारा कारकून. दुसऱ्या बाजूला एकटे हलूनका. बाहेरच्या व्हरांड्यात अख्खा वॉर्ड.

“तुम्ही तेच का?” अधिकाऱ्यांनी कागद बघत विचारलं.

“मी मीच आहे, साहेब.”

“ते अजून ठरायचंय.” त्यांनी पान उलटलं. “यंत्राचं म्हणणं असं आहे की तुम्ही दोन दिवसांत चारशे बारा वेळा मतदान केलंत.”

“एकदाही नाही, साहेब. त्या गडबडीत माझंच राहून गेलं.”

कारकुनाने लिहिता लिहिता वर बघितलं.

“घरात दोन मतं आहेत आमच्या,” हलूनका म्हणाले. “दोन्ही गेली. माझं वेळेअभावी, आणि बायकोचं... ते माझ्यामुळेच.”

“मग हे बघा.” अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर फोटो लावले. वीस फोटो, ओळीने. इस्त्रीवाला, गॅसवाली बाई, बसचालक. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि फोटोंतली नुसती नाकं राहिली. वीस नाकं. हलूनका पुढे वाकून बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा हात आपोआप स्वतःच्या नाकावर गेला.

“तुमचंच आहे ना?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

आता खोटं कसं बोलणार? नाक सरळ करायचं म्हणजे कुठल्या तरी सरळ नाकाकडे बघून करायचं. आणि स्टुडिओत एकच आरसा होता. काम करताना मान जरा वळवली की त्यात एकच नाक दिसायचं. पस्तीस वर्षं त्यांनी बाया-बाप्यांना, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना कळत-नकळत तेच वाटलं होतं.

“नाक माझं आहे,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “माणसं त्यांची त्यांची आहेत.”

“यंत्र इतकं चुकेल असं वाटतं तुम्हाला?” अधिकारी म्हणाले. “अहो, माझंही नाव याच वॉर्डाच्या यादीत आहे. नोकरी लागण्याआधी मी चौकापलीकडे राहायचो. हा माझा फोन. कामाच्या गडबडीत यातलं मतदानाचं ॲप मी अजून उघडलेलं नाही, पण ते माझ्याशिवाय जगात कुणाला उघडायचं नाही. दाखवू?”

त्यांनी फोन हलूनकांच्या तोंडासमोर धरला.

फोन गोड आवाजात म्हणाला, “स्वागत आहे, साहेब. आपली ओळख पटली.”

अधिकाऱ्यांनी फोन झटकन वळवून स्वतःच्या तोंडासमोर धरला. दहा वर्षांत त्यांना चष्मा लागला होता आणि हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली होती. नाक तर पहिल्यापासूनच बसकं होतं. फोनने थोडा विचार केला.

“क्षमस्व. आपण आपण नाही. खरा मतदार जवळपास असल्यास त्यास बोलवा.”

“हे लिहू का, साहेब?” कारकुनाने विचारलं.

“लिहू नका.”

मग खिडकीशी उभं राहून अधिकाऱ्यांनी तंत्रज्ञ बाईंशी बराच वेळ कुजबुज केली. दार उघडून व्हरांड्यातली माणसं दहा-दहा करून आत घेतली आणि हाताने मोजली. चारशे बारा भरली. बसचालकांच्या डोक्यावर अजून दोन-चार झुपके शिल्लक होते, तेवढा एक पुरावाही नोंदवला गेला. पण वहीत जे लिहिलं होतं ते पुसता येणार नव्हतं. ‘एकाच इसमाचा संशय’ हा शेरा हजार ठिकाणी बसला होता. पुसता येत नाही, पण खाली भर घालता येते, असं बाईंनी सुचवलं. तेव्हा अधिकाऱ्यांच्या सहीने शेऱ्याखाली नवा शेरा जोडण्यात आला: ‘वरील चारशे बारा इसम निरनिराळे आहेत. नाक मात्र एक आहे.’ हजार वह्यांनी तो विनातक्रार स्वीकारला.

निकाल लागला. जे निवडून आले त्यांनाही ते नाक होतं आणि जे पडले त्यांनाही होतं, त्यामुळे कुणी भांडायला गेलं नाही.

त्याबरोबर हुकूम निघाला की वॉर्डातल्या सगळ्यांचे फोटो नव्याने काढून वहीत जुन्यांच्या खाली जोडावेत, एकाचा एकच, आणि त्यावर ब्रश, पेन्सिल, कॉम्प्युटर, काही चालवू नये. काम कुणाला द्यायचं यावर खल झाला. शेवटी हलूनकांनाच दिलं, कारण वॉर्डात स्टुडिओ एकच होता. फक्त तंत्रज्ञ बाई शेजारी बसणार, फोटो निघाला की तिथल्या तिथे वहीत जाणार, आणि कॉम्प्युटरला हलूनकांचा हात लागणार नाही.

आदल्या संध्याकाळी ते घरी बायकोला म्हणाले, “उद्या पहिली तू येशील?”

ती भाजी निवडत होती. “पावडर?”

“डबाच टाकून दिला.”

ती आली. कोट घातला नाही. स्टुलावर बसून तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. हलूनकांनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि बघतच राहिले. तो डाग त्यांनी इतक्या वेळा पुसला होता की त्याची कड कशी आहे हेच त्यांना आठवत नव्हतं. वरच्या बाजूला तो जरा दुमडलेला होता, आणि ती हसायच्या बेतात असली की सगळ्यात आधी तिथे हालचाल व्हायची. एवढ्या वर्षांत हे त्यांनी घरात पाहिलं असणारच. पण कॅमेऱ्यातून नाही.

“काढा की,” ती म्हणाली. “मान दुखायला लागली.”

त्यांनी काढला. बाईंनी बटण दाबलं आणि फोटो गेला हजार ठिकाणी.

नंतरचे तीन आठवडे हलूनकांना सुखाचे गेले नाहीत. माणसं आपला फोटो बघायची आणि पुन्हा बघायची. “हा मी?” “हो, तुम्ही.” “जरासं काही...?” “काही नाही.” गॅस एजन्सीतली बाई रडलीच. इस्त्रीवाला बराच वेळ फोटो हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, “अगदी माझ्या वडलांसारखा दिसतोय हो. मला वाटलं होतं, गेले ते.” सलूनवाला तेवढा खूश होता. तो म्हणायचा, “रूप नाही आणि आरशाला दोष.”

सगळ्यात शेवटी राहिले हलूनका स्वतः. त्यांचा फोटो काढायला बायकोने कॅमेरा हातात घेतला. तिने जन्मात कधी फोटो काढला नव्हता. हलूनका स्टुलावर बसून सूचना द्यायला लागले, “दिवा जरा डावीकडे घे, बोट कडेला धर, दाबायच्या आधी एक, दोन म्हण, आणि मी हनुवटी...” तोवर तिने दाबलंसुद्धा. फोटोत त्यांचं तोंड उघडं होतं, मान तिरकी होती आणि डोळे अर्धे मिटलेले होते.

“दुसरा काढ,” ते घाईने म्हणाले.

“गेला,” तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. “एकाचा एकच.”

पुढच्या वर्षी वॉर्डातली एक जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. सकाळी स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलं होतं. बायकोने ओट्याशी उभ्या उभ्या फोन समोर धरला, ओळख पटली, बारा शब्द ती झरझर बोलली, बटण दाबलं, आणि दूध वर यायच्या आत गॅस बारीक केला.

“कुणाला दिलंस?” हलूनकांनी विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?”

मग त्यांनी स्वतःचा फोन उचलला. नीट बसून, केस विंचरून, डोळे उघडे ठेवून समोर धरला. ‘क्षमस्व,’ फोन म्हणाला. त्यांनी मान तिरकी केली. ‘क्षमस्व.’ तोंड उघडलं. ‘क्षमस्व. शेवटचा प्रयत्न.’ बायको पदराने हात पुसत त्यांच्यामागे येऊन उभी राहिली.

“डोळे मिटा,” ती म्हणाली. “पूर्ण नाही. अर्धे. झोप लागताना करता तसे.”

त्यांनी केले. फोनने स्वागत केलं. बारा शब्द उघड्या तोंडानेच कसेबसे बोलून झाले. पण बटण दाबेपर्यंत चेहरा तसाच ठेवा, ही नव्या सुरक्षेची अट होती. पापण्यांच्या फटीतून हलूनकांना नावांच्या जागी दोन धूसर पट्टे दिसत होते, एक वर, एक खाली. त्यांनी अंदाजाने बोट टेकवलं. ‘धन्यवाद,’ फोन म्हणाला. ‘आपलं मत कायमचं नोंदवलं आहे.’

“दिलंत?” तिने विचारलं.

“दिलं.”

“कुणाला?”

हलूनकांनी डोळे उघडले, चष्मा शोधला, तो लावून बंद पडलेल्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं.

“तेच तर,” ते म्हणाले. “गुप्त आहे. मलाही.”

तिच्या गालावर आधी तिथे, डोळ्याखाली, हालचाल झाली, आणि मग ती हसत सुटली. इतकी, की दुधाचं पातेलं उतरवायला त्यांनाच उठावं लागलं.